अनुभव धागा: तुमचं व्हर्च्युअल मशीन सुरू होताना कुठं अडकलं?

धागाकर्ती, परभणी
परवा रात्री व्हर्च्युअलबॉक्समधलं (संगणकाच्या आत दुसरा संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) उबंटू लिनक्स चालू केलं. लोगो आला, खाली गोल फिरायला लागला आणि फिरतच राहिला. तीनदा बंद-चालू केलं, तेच. आतून आईचा आवाज, "काय करायलीस गं एवढ्या रात्री?"

शेवटी ग्रबचा (कोणती सिस्टिम लावायची ते सुरुवातीला विचारणारा) मेनू येताच 'ई' दाबलं, लिनक्सच्या ओळीतलं 'क्वाएट स्प्लॅश' (लोगो दाखवून मजकूर लपवणारे शब्द) खोडलं आणि कंट्रोल-एक्स मारलं. आता लोगोच्या जागी पांढरी अक्षरं धावली आणि एका ओळीवर थबकली: 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग', पुढं एका डिस्कचा लांबलचक ओळख क्रमांक (यूयूआयडी), शेवटी १ मिनिट ३० सेकंदांचं घड्याळ. ती डिस्क मी आदल्या आठवड्यात काढून टाकलेली, एफएसटॅबमधली (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) तिची ओळ मात्र तशीच. दीड मिनिट थांबले असते तर मशीन आपणहून दुरुस्तीसाठीच्या इमर्जन्सी मोडमध्ये गेलं असतं, पण मी दर वेळी मिनिटभरातच वैतागून बंद करत होते! या वेळी थांबले, तिथल्या शेलमध्ये (कमांड लिहायच्या पडद्यावर) त्या ओळीच्या सुरुवातीला # टाकला, म्हणजे ती वाचलीच जात नाही, झालं. डिस्क अधूनमधून जोडत असाल तर ओळीत 'नोफेल' (नसली तरी पुढं जा) लिहून ठेवा.

तुमचंही लिहा. नुसतं 'फॉरमॅट मारा' नको.

लातूरकर
माझ्याकडं कासव होतं. खरंच, व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडं हिरवं कासव दिसतं. डॉकर (ॲप वेगळ्या डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) हवं म्हणून डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकलं, त्यानं विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं हायपर-व्ही जागं झालं आणि व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरचं व्हीटी-एक्स (व्हर्च्युअल मशीन वेगानं चालवायची सोय) थेट मिळेना. मशीन अडकलं नव्हतं, रांगत होतं. विंडोजच्या बीसीडीएडिट कमांडनं ते हायपरव्हायजर ऑफ केलं, त्याच्यावरच चालणारी मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोयही बंद केली, रीस्टार्ट. कासव गेलं, डॉकरही गेलं. एका म्यानात दोन तलवारी.

बीडवरून
आमच्याकडं उन्हाळ्यात लाइटीचा काय भरोसा? इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली, मशीन चालू असतानाच पीसी धाडकन बंद. लाइट आल्यावर मशीन लावलं तर काळ्या पडद्यावर 'इनिटरामएफएस' (मुख्य डिस्क लागण्याआधीची छोटी सिस्टिम) आणि नुसता कर्सर. मी अर्धा तास त्याच्याकडं बघत बसलो, आपोआप होईल म्हणून. ते कमांडची वाट बघायलंय हे कुणी सांगावं! आधी डिस्कच्या फाइलची कॉपी काढली, मग डिस्कवरच्या चुका दुरुस्त करणारं एफएससीके वाय लावून (सगळ्याला 'हो' म्हणून) चालवलं, एक्झिट मारलं, मशीन लागलं.

नांदेडचा
माझा किस्सा ऐकून हसाल. ऑफिसात केव्हीएमवर (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) डेबियन १० लिनक्स होतं, कर्नेल (त्याचा गाभा) ४.१९. रीबूट केलं की एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरायची सोय) पाच-सात मिनिटं लागायचंच नाही. चिडून कन्सोल उघडून बघायला बसलो की लगेच सुरू! साहेबांना म्हणालो, "सर, मी बसलो की येतंय, उठलो की नाही." साहेब माझ्याकडंच संशयानं बघायले.

नीट पाहिलं तेव्हा कळलं, मी कन्सोलवर बसलो की रागानं एंटर बडवायचो. एसएसएचला सुरू होताना यादृच्छिक आकडे लागतात. ते बनवायला कर्नेल कीबोर्ड, डिस्क, इंटरप्ट यांच्या वेळांतला अनियमितपणा गोळा करतो. नुकत्याच उठलेल्या रिकाम्या मशीनमध्ये तसं फारसं काही घडतच नाही, म्हणून ते थांबून राहायचं. माझी बडवाबडवीच कामाला येत होती. मशीनला होस्टकडून असे आकडे आणून देणारं व्हर्टआयओ-आरएनजी जोडलं आणि त्या दिवसापासून माझी नोकरी कीबोर्डवाचून चालते. ५.४ पासूनचा कर्नेल ही सोय स्वतःच करतो.

जालना
होस्टची (बाहेरच्या खऱ्या संगणकाची) डिस्क भरली होती. मशीन पॉज. जुने स्नॅपशॉट (मशीनच्या आधीच्या स्थितीच्या साठवलेल्या प्रती) उडवले. एवढंच.

हिंगोली
ताई, तुमचं वाचून आत्ताच उबंटू सर्व्हरवर ओळी बघितल्या. 'नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन'वर (नेटवर्क लागेपर्यंत थांबण्याची पायरी) दोन मिनिटं जायलीत. दुसरं नेटवर्क ॲडॅप्टर जोडून ठेवलंय आणि त्याला केबलच नाही.

धागाकर्ती, परभणी
नेटप्लॅनमध्ये (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये) त्या ॲडॅप्टरखाली 'ऑप्शनल: ट्रू' लिहा दादा, म्हणजे त्याच्यासाठी थांबणार नाही, आणि स्पेस मोजून द्या, टॅब चालत नाही.

हिंगोली
टॅबच दिला होता. आता लागलं.