मदत हवी आहे: बरणीतलं यीस्ट उद्याच्या बियरला चालेल का?

जर्सीकर
उद्या सकाळी ब्रू करायचंय, पटकन सांगा. मागच्या बॅचचा तळाचा गाळ फ्रिजमध्ये बरणीत आहे, अर्धा लिटर असेल. वर तपकिरी पाणी, मध्ये सायीसारखा पांढरट थर, खाली हिरवट चोथा. सरळ ओतू की धुऊन? आणि किती?

फेसाळ
यीस्ट कुठलं? बरणी कधी भरली? आधीची बियर कुठली, ओजी (आंबवण्याआधीची घनता) किती? उद्या काय करताय? हे कळल्याशिवाय 'किती' कसं सांगणार?

जर्सीकर
यूएस-०५. पाच आठवडे झाले. आयपीए (कडक, कडवट बियर), १.०६८, ड्राय हॉप (उकळीनंतर वासासाठी टाकलेली हॉप्सची फुलं) त्यातच. उद्या ५ गॅलन ब्लॉन्ड (हलकी, सौम्य बियर), १.०४८.

फेसाळ
हे आधी सांगायचं ना! क्रम उलटा झालाय. हलक्याकडून कडककडे, कमी हॉप्सकडून जास्त हॉप्सकडे जायचं असतं. ब्लॉन्डचा गाळ आयपीएला चालतो, आयपीएचा ब्लॉन्डला नाही. तो हिरवा चोथा कडवटपणा घेऊन येणार. नवं पाकीट आणा.

माल्टोबा
टाकून कशाला द्यायचं? उकळून गार केलेलं पाणी घाला, हलवा, २० मिनिटं थांबा. चोथा खाली बसतो, वरचं दुधाळ पाणी दुसऱ्या बरणीत ओतून घ्या. तेच यीस्ट.

फेसाळ
ते नुसतं खंगाळणं झालं. बियरमधलं अल्कोहोल आणि आम्लता यीस्टला जपतात, पाणी घातलं की ते कवच गेलं. खरं धुणं म्हणजे फॉस्फोरिक अ‍ॅसिडने पीएच २.२ च्या आसपास आणणं. त्याने बॅक्टेरिया मरतात, रानटी यीस्ट मरत नाही.
हिशोब: ५ गॅलन म्हणजे १९ लिटर, १.०४८ म्हणजे १२ प्लेटो (साखरेचं प्रमाण मोजायचं एकक), मिलीलिटरला दर प्लेटो साडेसात लाख पेशी, म्हणजे सुमारे १७० अब्ज. ताजा घट्ट गाळ मिलीला एक अब्ज धरला तर १७० मिली पुरतो. पाच आठवड्यांच्या गाळात जिवंत किती, हे स्टार्टर (यीस्ट जागं करून वाढवायचं छोटं द्रावण) लावल्याशिवाय कळत नाही: १ लिटर पाणी, १०० ग्रॅम ड्राय माल्ट (माल्टच्या अर्काची पूड), १० मिनिटं उकळून २० अंशांवर आणून त्यात १०० मिली गाळ. उद्या सकाळपर्यंत ते होणं अवघड.

उष्णकटिबंध
क्वेइक (नॉर्वेचं पारंपरिक यीस्ट) घ्या हो! त्यातलं व्हॉस ३५-४० अंशांनाही सुखात असतं, आणि वाळवून ठेवता येतं.

माल्टोबा
व्हॉसने संत्र्याचा वास येतो, ब्लॉन्डला तो हवाय कुणाला?

पुणेरी_पाहुणा
हे पुण्यात घरी करता येतं का? आणि हा गाळ भटुऱ्यांना चालेल?

फेसाळ
परवान्याशिवाय नाही, १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. तिकडे अमेरिकेत दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची मुभा आहे. भटुरे कडू होतील.

जर्सीकर
झाकण उघडलं तर फस्स झालं. जळक्या रबरासारखा वास.

फेसाळ
मग विषयच संपला, पेशी फुटल्यात. फेकून द्या. आणि झाकण इतकं घट्ट? फ्रिजमध्येही गॅस होतो, काच फुटते. अर्धा आटा सैल ठेवायचा.

जर्सीकर
दुकान सहाला बंद होतं, निघतो. पाकीट एकच पुरेल? आधी पाण्यात भिजवू?

फेसाळ
११.५ ग्रॅमचं एक पुरे. भिजवायची गरज नाही. वर्ट (न आंबवलेलं माल्टचं गोड पाणी) १८-२० अंशांवर आल्यावर वरून भुरभुरवा, त्याआधी नाही.