चोर्ला घाटासाठी छोटी गाडी : ताकद पाहावी की चालवण्यातला आनंद?

प्रश्न – शहापूरकर

नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला राहतो आणि महिन्यातले दोन रविवार तरी पहाटे निघून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरतो व गोव्यातल्या साखळीहून परततो. माझी सध्याची गाडी मोठी आणि दीडशेहून अधिक अश्वशक्तीची आहे. महामार्गावर निपाणीपर्यंत ती सुरेख पळते, मात्र घाटात तिचे वजन प्रत्येक वळणावर जाणवते. गेल्या आषाढात धुक्यात उतरताना ब्रेकचा जळका वास येऊ लागला, पेडल मऊ पडले आणि अर्धा तास कडेला थांबावे लागले. आता ती विकून, बारा लाखांच्या आत, केवळ चालवण्याच्या आनंदासाठी लहान गाडी घ्यावी असे मनात आहे. शंभर-एकशेवीस अश्वशक्तीत समाधान होईल का?

उत्तर – उद्यमबाग

निश्चित होईल. चोर्ल्याच्या वळणांत आपण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असतो. तिथे दीडशे अश्वशक्ती वापरायला मोकळा रस्ताच मिळत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते आणि गाडीच्या वजनासोबतही ती वाढत जाते, त्यामुळे हलकी गाडी त्याच ब्रेकवर जास्त वेळ तग धरते. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ चे इंजिन अवघे १.६ लिटरचे होते आणि वजन हजार किलोंच्या आत. घोडा आणि स्वार एक व्हावेत, हीच तिच्या अभियंत्यांची कल्पना होती. ती गाडी आपल्याकडे अधिकृतपणे विकली जात नाही, पण तिच्यातला विचार आपल्या बाजारातही लागू पडतो.

नव्यात ह्युंदाई आय२० एन लाइन अवश्य पाहा : एक लिटर टर्बो इंजिन, १२० अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि २०२३ पासून सहा गिअरचा मॅन्युअल. तरीही मला विचाराल तर २०१८ नंतरची चार सिलिंडरची स्विफ्ट मी आधी चालवून पाहीन. तिचे वजन ९०० किलोंच्या आसपास असल्यामुळे वळणात शिरताना तिचे नाक चटकन वळते. आणि गाडी कोणतीही असो, ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर विसंबून घाट उतरणे ही सवय आधी मोडायला हवी. आपल्या मागच्या प्रसंगात निम्मा दोष तिचाच असावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

उत्तर – घाटवाट

जुन्यात फोक्सवॅगन पोलोची १.० टीएसआय, म्हणजे एक लिटर टर्बो पेट्रोल, विसरू नका. ११० अश्वशक्ती, १७५ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाची ओढ) आणि हाताला भरीव लागणारे स्टिअरिंग. भारतात तिचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, त्यामुळे सुट्या भागांची चौकशी आधी करावी. कोल्हापूरकडची गाडी घेणार असाल तर तिकडचे ना-हरकत प्रमाणपत्र, इकडची पुनर्नोंदणी आणि कर्नाटकचा आजीवन कर हे सारे हिशोबात धरा. या खर्चामुळे स्वस्त वाटणारी गाडी महाग पडते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी इतके जुने टायर घाटात नेऊ नयेत, कारण जुने रबर कडक होते आणि ओल्या डांबरावर पकड सोडते.

शहापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही गाड्या काल जांबोटीपर्यंत नेल्या. एन लाइनचे ब्रेक उत्तम आहेत आणि ओव्हरटेक करताना तिची ताकद हाताशी असते, हे मान्य. परंतु मित्राच्या स्विफ्टमध्ये ओढ्यावरच्या पुलापुढच्या डाव्या वळणात मी ताशी चाळीसने शिरलो तेव्हा पुढचे चाक नेमके कुठे आहे हे तळहातांना कळत होते. माझ्या मोठ्या गाडीने गेल्या चार वर्षांत हे कधीही कळू दिले नव्हते. म्हणून जुनी मॅन्युअल स्विफ्ट, तीही बेळगावच्याच नोंदणीची, घ्यावी असे ठरवले आहे. उरलेल्या पैशांत चार नवे टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल बदलून घेईन. शनिवारी एक गाडी बघायला जात आहे, तिच्या टायरवरचे आकडे इथे कळवतो.