हृदयरोगी वडिलांसाठी ॲलर्जीची आणि जळजळीची गोळी कोणती घ्यावी?

घोडबंदरकर
नमस्कार. माझे वडील ६९ वर्षांचे आहेत. मागच्या दिवाळीत त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि तेव्हापासून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल व मेटोप्रोलॉल चालू आहे. पावसाळा लागल्यापासून संध्याकाळी त्यांच्या अंगावर गांधी उठतात आणि रात्री जेवणानंतर छातीत जळजळते. केमिस्टने सेटिरिझिन आणि फॅमोटिडिन सुचवले आहे. दोन्ही गोळ्या हिस्टामिन या शरीरातल्या रसायनालाच अडवतात आणि हिस्टामिनचे ग्राही (ते जिथे चिकटून काम करते त्या जागा) हृदयातही असतात, असे वाचल्यापासून मी थोडा धास्तावलो आहे. दोन्ही गोळ्यांचा मिळून महिन्याचा खर्च २५० रुपयांच्या आत बसावा, ही अपेक्षा आहे. पुढच्या आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतलेली आहे. त्यांना नेमके काय विचारावे, हे कळले तरी पुरे.

नौपाड्याची_सून
डोळे झाकून फेक्सोफेनाडिन घ्या. माझ्या सासऱ्यांची बायपास झालेली आहे आणि ते वर्षानुवर्षे हीच गोळी घेत आहेत, तीही माझा भाऊ अमेरिकेहून येताना मोठी बाटली आणतो ती. झोप येत नाही, जीभ कोरडी पडत नाही, आणि आजही ते तलावपाळीला रोज तीन फेऱ्या मारतात. तब्येतीच्या बाबतीत २५० रुपयांचा हिशेब करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेरूळचा_निसर्ग
आमसूल भिजवून त्याचे पाणी अंगाला लावा आणि तेच साखर घालून प्यायला द्या. गांधी आणि जळजळ दोन्ही शमतात, खर्च नगण्य. आमच्या घरात गोळी हा शेवटचा उपाय असतो, हल्ली तो पहिला झाला आहे.

सीवूड्स_सेक्टर४४
मूळ कारण धूळ आहे. आम्ही ॲलर्जीची पूर्ण तपासणी करून घेतली, दोन खोल्यांना हवा शुद्ध करणारी यंत्रे बसवली आणि सगळे पडदे काढून टाकले. खर्च बराच झाला, पण यंत्राची जाळी काढून पाहिली की पैसे कुठे गेले ते दिसते.

खारघरचे_मास्तर
मी औषधशास्त्र शिकवत असे, म्हणून मूळ शंकेकडे येतो, कारण वरच्या तिन्ही प्रतिसादांत हृदय कुठेच आलेले नाही.

हृदयात हिस्टामिनचे ग्राही असतात, हे आपण योग्यच वाचले आहे. त्यांच्या प्रकारांना एच-१, एच-२, एच-३ अशी नावे आहेत; सेटिरिझिन एच-१ अडवते आणि फॅमोटिडिन एच-२. माणसाच्या हृदयस्नायूत आणि सायनस नोडमध्ये (जिथून ठोका सुरू होतो तिथे) मुख्य काम एच-२ ग्राहींचे असते. हिस्टामिन त्यांना चिकटले की पेशीत सायक्लिक एएमपी हे निरोप्याचे काम करणारे द्रव्य वाढते, कॅल्शियमचा ओघ वाढतो आणि ठोक्यांचा वेग व जोर दोन्ही वाढतात. ॲड्रेनलिनही पेशीत शिरल्यावर हाच रस्ता धरते, मात्र त्याचे दार वेगळे असते. म्हणून ॲड्रेनलिनचे दार अडवणाऱ्या मेटोप्रोलॉलने हिस्टामिनचा हा परिणाम थांबत नाही. एच-१ ग्राही कर्णिकेकडून (हृदयाच्या वरच्या कप्प्याकडून) जवनिकेकडे (खालच्या कप्प्याकडे) जाणारा विद्युत्‌संदेश मंदावतात. हृदयाच्या रोहिणीत त्यांचे वागणे अस्तराच्या प्रकृतीवर ठरते: अस्तर निरोगी असेल तर रोहिणी सैलावते, बिघडलेले असेल तर आकसू शकते. अनुकंपी, म्हणजे हृदयाला वेग देणाऱ्या, चेतातंतूंच्या टोकांवर एच-३ ग्राही असतात आणि ते नॉरॲड्रेनलिनचा पुरवठा रोखून धरतात.

एच-२ अडवणाऱ्या औषधांचा शोध लागला तोही काही अंशी हृदयाच्याच तुकड्यावर. गिनीपिगची वेगळी काढलेली कर्णिका द्रवात धडकत ठेवायची आणि त्यात हिस्टामिन सोडायचे, की तिचा वेग वाढतो. जुनी ॲलर्जीची औषधे आधी घातली तरी तो वाढतोच. म्हणजे तेथे निराळा ग्राही असला पाहिजे. जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये ब्युरिमामाइडने तो ग्राही अडवून दाखवला आणि पुढे सिमेटिडिन हे आम्ल कमी करणारे औषध आले. मेटोप्रोलॉलच्याच कुळातले प्रोप्रानोलॉलही ब्लॅक यांचेच. १९८८ च्या नोबेलमागे ही दोन्ही औषधे होती.

आता आपल्या वडिलांपुरते बोलू. शांत बसलेल्या माणसाच्या हृदयावर हिस्टामिनचा फारसा अंमल नसतो, त्यामुळे नेहमीच्या मात्रेतली फॅमोटिडिनची गोळी हृदयाला सहसा जाणवत नाही. मूत्रपिंड मंद असेल तर मात्र ती शरीरात साचते, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून मात्रा ठरवावी लागते. सिमेटिडिन टाळावे, कारण ते यकृतातील विकरे अडवून मेटोप्रोलॉलची रक्तातील पातळी वाढवते.

कळवा_फाटक
एवढे वाचून भीती वाढली. आम्ही २० वर्षे रॅनिटिडिन खाल्ले, काही झाले नाही. फॅमोटिडिन हे नवे खूळ आहे.

वाशी_एपीएमसी
कळवा_फाटक, फॅमोटिडिनही १९८० च्या दशकातलेच आहे. रॅनिटिडिनच्या गोळ्यांत एनडीएमए हे कर्करोगाशी जोडले गेलेले द्रव्य आढळल्यामुळे अमेरिकेत ते २०२० मध्ये बाजारातून काढले गेले आणि आपल्याकडे २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळले गेले.

कळवा_फाटक
यादीतून वगळले म्हणजे बंदी घातली असे होत नाही. आमच्या नाक्यावर आजही मिळते.

नौपाड्याची_सून
मी पुन्हा सांगते, फेक्सोफेनाडिन.

कोपरखैरणे_आई
आमचा अनुभव वाईट आहे, म्हणून लिहिते. खाजेमुळे आईला झोप लागेना, तेव्हा एका दवाखान्यातून तिला हायड्रॉक्सिझिन मिळाले. त्याच आठवड्यात खोकल्यासाठी दुसरीकडून ॲझिथ्रोमायसिन सुरू झाले. पहाटे ती चक्कर येऊन मोरीच्या दाराशी बसली. ईसीजी काढल्यावर क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज होईपर्यंतचा काळ) लांबलेला निघाला. दोघांपैकी एकाही डॉक्टरने ‘आणखी काय चालू आहे’ असे विचारले नव्हते आणि चूक मात्र आमचीच ठरली. त्यामुळे ॲलर्जीची गोळी साधी असते, हे मला कोणी सांगू नये.

खारघरचे_मास्तर
हा अनुभव फार महत्त्वाचा आहे, कारण खरा धोका कुठे असतो ते त्यातून दिसते. या बिघाडात हृदयातील एच-१ ग्राहींचा काही दोष नसतो. प्रत्येक ठोक्यानंतर पोटॅशियम बाहेर सोडून पेशी पुन्हा सज्ज होते. काही ॲलर्जीविरोधी औषधे ग्राही अडवता अडवता पोटॅशियमची ही वाटही बुजवतात आणि मग ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते. टर्फेनाडिन याच कारणाने १९९८ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले आणि १९९९ मध्ये ॲस्टेमिझोल. टर्फेनाडिनचे यकृतात झटपट रूपांतर होत असे. सोबत एरिथ्रोमायसिन किंवा कीटोकोनॅझोल असले की ते रूपांतर अडे आणि मूळ औषध रक्तात साठत जाई. ज्यात रूपांतर होई ते औषध म्हणजे फेक्सोफेनाडिन, आणि ते ही वाट बुजवत नाही. तेव्हा सूनबाईंची निवड योग्य आहे, कारण मात्र तलावपाळीच्या फेऱ्या हे नव्हे. हायड्रॉक्सिझिनच्या बाबतीत युरोपच्या औषध संस्थेने २०१५ मध्ये निर्बंध घातले: वृद्धांना शक्यतो देऊ नये आणि द्यावेच लागले तर दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. सेटिरिझिन हा हायड्रॉक्सिझिनचाच शरीरात तयार होणारा वंशज असला, तरी नेहमीच्या मात्रेत त्याने क्यूटी लांबत नाही.

पाचपाखाडी_केमिस्ट
दुकानात रोज दिसते ते सांगतो. फेक्सोफेनाडिन मोसंबीच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतले तर अंगात कमी शोषले जाते. पांढऱ्या पातळ अँटासिडबरोबर घेतले तरी तेच होते, आणि काकांना जळजळ आहे म्हणजे ती बाटली घरात असणारच. दुसरे, सर्दीची जोडगोळी कधीही घेऊ नका. तिच्यात ॲलर्जीच्या औषधासोबत फेनिलेफ्रिन असते, जे रक्तवाहिन्या आवळते. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

सीवूड्स_सेक्टर४४
धुळीचा मुद्दा कोणीच मनावर घेतलेला दिसत नाही.

ऐरोली_त्वचा
एक प्रश्न. गांधी ॲस्पिरिन सुरू झाल्यानंतरच उठू लागल्या का? काही रुग्णांत ॲस्पिरिनमुळे पित्त उठणे बळावते. ॲस्पिरिन स्वतःहून मुळीच बंद करू नका, स्टेंट आहे. परंतु हा प्रश्न हृदयरोगतज्ज्ञांना पहिला विचारा. पित्त उठताना छातीत आवळल्यासारखे झाले तर घरी थांबू नका. हृदयाच्या रोहिणीभोवती हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशी असतात, आणि त्यांतून सुटलेल्या हिस्टामिनने रोहिणी आकसण्याच्या प्रकाराला १९९१ पासून कूनिस सिंड्रोम असे नाव आहे.

नेरूळचा_निसर्ग
आमसुलाने क्यूटी लांबत नाही, एवढेच नोंदवतो.

घोडबंदरकर
सर्वांचे आभार. काल भेट झाली. कूनिसचे नाव काढताच डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिले, पण नंतर शांतपणे सगळे ऐकून घेतले. ईसीजीत क्यूटी ठीक आहे, क्रिएटिनिन ठीक आहे. गांधी दिवाळीनंतर नव्हे, जूनमध्ये सुरू झाल्या, त्यामुळे ॲस्पिरिनवरचा संशय तूर्त मागे पडला आहे.

येथे बहुतेकांचा कल फेक्सोफेनाडिनकडे आणि फॅमोटिडिनकडे दिसला, पण आम्ही दोन्ही घेत नाही. दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना जठरातून रक्तस्राव होऊ नये, यासाठी फॅमोटिडिनपेक्षा आम्लपंप अडवणारी गोळी अधिक भरवशाची असते, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांतही ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलच्या कामात अडथळा आणते, म्हणून पँटोप्राझोल लिहून दिले आहे. गांधींसाठी साधे सेटिरिझिन, रात्री एक. त्याने गुंगी येते हे खरे, पण वडिलांना तीच हवी आहे. जेनेरिक दुकानातून दोन्ही मिळून २५० च्या आतच बसले.

नौपाड्याची_सून
सेटिरिझिनने सकाळी जड वाटले की फेक्सोफेनाडिनच आणाल. भाऊ डिसेंबरमध्ये येणार आहे, हवी असेल तर आत्ताच सांगून ठेवा.