सांदवाडीतला पहिला वाफा : सुरुवात कुठून करावी?

निवृत्त शिक्षिका, दारव्हा तालुका

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. यजमानांना जाऊन दोन वर्षे झाली, मुलगा पुण्यात आहे आणि शेती मक्त्याने दिलेली आहे. सकाळ कशीबशी निघते. पण चार वाजले की घर अंगावर येते आणि रात्री दोन-अडीचला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. घरामागे वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब सांदवाडी पडीक आहे. तिथे रासायनिक खत वा औषध न वापरता थोडा भाजीपाला लावला, तर हाताला आणि मनालाही काम मिळेल, असे वाटते.

गेल्या वर्षीचा प्रयत्न फसला. मृगाचा पाऊस पडताच मी अर्धी वाडी खोदून मेथी आणि सांभार (कोथिंबीर) पेरला, वांग्याची रोपे लावली आणि गोठ्यातले शेण जसेच्या तसे पसरले. पुढे झड लागली, तिच्यात मेथी पिवळी पडून सडली आणि वाळलेली वांगी उपटून पाहिली, तर मुळांना उधई (वाळवी) लागलेली होती. जमीन काळी व चिकट आहे; सध्या तिला अशा भेगा पडल्या आहेत की बोट सहज आत जाते. पश्चिमेला कुंपणापलीकडे दुसऱ्याचे पऱ्हाटीचे (कपाशीचे) वावर आहे आणि तिथे फवारणी होते. मृगाला दोन आठवडे उरले आहेत. यंदा काय वेगळे करावे?

काळी माती, वर्धा

बाई, आपली चूक मेहनतीत नसून वेळेत आणि शेणात आहे. मेथी-सांभार ही आपल्याकडे दसऱ्यानंतर, थंडी सुरू होताना निर्धास्त पेरण्याची पिके आहेत. काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि मुळांपाशी हवा उरत नाही. त्यामुळे झडीत नाजूक पालेभाजी तिथे गुदमरते. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी, अंबाडी आणि दोडके लावावेत.

दुसरे म्हणजे अर्धी वाडी घेऊ नये. तीन फूट रुंद आणि दहा फूट लांब असा एकच गादीवाफा करावा व तो जमिनीपासून नऊ इंच तरी उंच ठेवावा, म्हणजे पाणी बाजूच्या सरीतून निघून जाईल. तीन फूट रुंदी असली की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि वाफ्यावर पाय द्यावा लागत नाही. आपल्या मातीत पायाने दबलेली जागा वाळली की विटेसारखी होते.

ताजे शेण मातीत गेले की उधई आणि मुळे खाणारी हुमणी अळी दोघींनाही आवतण मिळते. खत कुजले की नाही हे ओळखायला मूठभर हातात घ्यावे : ते हाताला गरम लागता कामा नये, त्यात काडी ओळखू येऊ नये आणि वास शेणाचा नव्हे, तर पहिल्या पावसानंतरच्या मातीचा यावा. असे खत घरी नसेल तर यंदा कोणाच्या उकिरड्याच्या तळातून पाच-सहा टोपली मागून घ्यावे आणि स्वतःचा खड्डा आजच भरायला घ्यावा.

जीवामृताबद्दल आपण ऐकले असेलच. ते घरोघरी पोहोचवणारे सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातील बेलोऱ्याचे असून त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. एका वाफ्यापुरते करायचे तर दहा लिटर पाण्यात अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून ते दोन दिवस सावलीत ठेवावे व सकाळ-संध्याकाळ ढवळावे. मी ते वापरतो. परंतु कुजलेले खत नसताना नुसत्या जीवामृतावर वाफा पिकेल, असे माझ्या अनुभवावरून मी म्हणणार नाही.

निंबोळी, अकोट

शेजारच्या फवारणीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेले नसाल. वाफा पूर्वेला, घराच्या भिंतीकडे करावा, पश्चिमेच्या कुंपणालगत तुरीच्या दोन दाट ओळी पेराव्यात आणि फवारणीच्या आदल्या दिवशी सांगण्याची विनंती वावराच्या मालकाला करावी. त्या दिवशी वाफ्यावर जुने लुगडे पांघरता येते. औषधाच्या रिकाम्या डब्यातून झाडांना पाणी कधीही घालू नये. गावात पुष्कळ घरी हे सर्रास चालते, म्हणून मुद्दाम लिहिते.

किडीसाठी निंबोळी अर्क पुरेसा होतो. पुढच्या महिन्यात कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडेल, तेव्हा त्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात. पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्याने गाळावी आणि साबणाचे थोडे पाणी मिसळून ऊन उतरल्यावर फवारावी, कारण उन्हाने तिचा गुण जातो. पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग वाडीत असेल तर त्यात उघडा हात घालू नये. पावसाळ्यात तिथे विंचू-साप आसरा घेतात.

निवृत्त शिक्षिका, दारव्हा तालुका

दोघांचेही आभार. उद्याच दोरी लावून तीन बाय दहाची जागा आखते. बाकीची वाडी पडीकच दिसेल याचे थोडे वाईट वाटते, पण ते सोसेन. तुरीच्या ओळींचेही ठरले. मात्र संध्याकाळची वेळ हाच माझा खरा प्रश्न आहे. चारनंतर वाडीत करण्यासारखे काय असते?

तुराट्यांचा मांडव, मोर्शी

बाई, आपल्यासाठी दोडका आहे. गिलक्याचे फूल सकाळी उमलते, दोडक्याचे मात्र दिवस कलल्यावर. न्हाणीच्या भिंतीलगत, सांडपाण्याच्या वाटेवर दोन आळी करून प्रत्येकात तीन बिया टोचाव्यात आणि वर तुराट्यांचा मांडव घालावा. साधारण दीड महिन्यात फुले लागतात. संध्याकाळी मांडवाखाली बाज टाकून बसले की सकाळपासून मिटलेल्या कळ्या एकेक करून पिवळ्या होताना दिसतात. आधी नुसती नरफुले येतील, त्याने घाबरू नये. मादीफुलाच्या देठाशी बोटाएवढा शिरांचा दोडका असतो. तो पिवळा पडून गळू लागला तर नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलाला हलकेच लावावा. हे काम संध्याकाळचेच आहे. माझी आई गेली त्या वर्षी मी रोज ते करीत असे. त्याने झोप लगेच आली नाही, पण पाच ते सात हा वेळ सुटला.

झोपेबद्दल एक सांगतो, राग मानू नये. महिनोन्महिने अशी जाग येत असेल तर वाफ्यावर सगळा भार न टाकता डॉक्टरांना दाखवावे; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या मोफत बोलता येते, आणि मराठीत बोलता येते. वेलीवरचा एक दोडका न तोडता तसाच वाळू द्यावा, आतले बी पुढच्या मृगाला चालते. मात्र सुरुवातीचे बी संकरित पुडीचे नको, गावातल्या एखाद्या आजीच्या गाडग्यातले मागून घ्यावे.

निवृत्त शिक्षिका, दारव्हा तालुका

आमच्या गल्लीत तसे गाडगे एकीकडे आहे. तिने सात बिया दिल्या. सहा टोचते, एक ठेवून देते.