एचएसजीच्या आधी "काही दुखत नाही" असं का सांगतात? तुमचं मत द्या

आभा_नाशिक:
गेल्या महिन्यात गर्भपिशवीच्या नळ्या उघड्या आहेत का बघायला एचएसजी केली, म्हणजे आत डाय सोडून एक्सरे काढतात ती तपासणी. पाळीच्या नवव्या दिवशी बोलावलं होतं, फोनवर विचारलं तर "काही दुखत नाही हो, पाच मिनिटांचं काम" एवढंच, आधी गोळी घ्यायची का तेही कोणी बोललं नाही. एक्सरेचं टेबल गार पडलेलं, गर्भपिशवीचं तोंड चिमट्याने धरलं तिथेच जीव कासावीस झाला आणि डाय आत सोडला तसा ओटीपोटात असा पीळ पडला की मी टेबलाची कड धरून ओरडलेच. तर सिस्टर म्हणतात, "एवढ्यात ओरडताय, बाळंतपण कसं कराल?" दोन वर्षं बाळासाठी खेटे घालणाऱ्या बाईला हे ऐकवायचं?? दुखण्यापेक्षा त्यानेच जास्त रडू आलं.
दुखू शकतं हे आधी सांगा, त्यावर काय करता येतं ते सांगा, आणि बाई थांबा म्हणाली की हात थांबवा. दाढ काढताना सुन्न केल्याशिवाय कोणी हात लावतं का?

मीनाक्षी_काकू:
आभा, सिस्टर चुकल्याच. पण हे असं सविस्तर लिहिलंस ना, ते वाचून बायका तपासणीलाच जायच्या नाहीत गं. मी ८८ साली सरकारी दवाखान्यात कॉपर टी बसवली, कळ आली, घरी येऊन भाकऱ्या थापल्या. माझ्या धाकट्या जावेची पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि आता परत अंगावरून रक्त जातंय, डॉक्टरांनी गर्भपिशवीच्या अस्तराची बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासायला सांगितलंय, ती कुणाचं तरी ऐकून चार महिने टाळतेय. कॅन्सर आहे का बघायचंय, हे टाळून कसं चालेल?

ओपीडीवाली:
मी स्त्रीरोग विभागात रेसिडेंट आहे. सुन्न करायचं इंजेक्शन गर्भपिशवीच्या तोंडाशीच द्यावं लागतं, ते स्वतःच टोचतं, मग काही मिनिटं थांबायचं, आणि आमच्याकडे टेबल एक आणि रांग जिन्यापर्यंत. पूर्ण भूल म्हणजे उपाशीपोटी या, भूलतज्ज्ञ बोलवा, खर्च वाढला. नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या बऱ्याच जणींना पाळीसारखी कळ येते आणि संपतं. सरसकट भूल मला पटत नाही.

आभा_नाशिक:
सरसकट भूल मी कुठे मागितली डॉक्टर? विचारा एवढंच म्हणतेय. अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये कॉपर टीसारखी साधनं बसवण्याआधी दुखण्याबद्दल बोला, लिडोकेनचा, म्हणजे सुन्न करायच्या औषधाचा, उपयोग होऊ शकतो असं सांगितलंय, २०२५ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही वेदना कमी करायचे पर्याय बाईसमोर ठेवा म्हटलंय. बोलायला भूलतज्ज्ञ लागत नाही.

निलू_डोंबिवली:
मला कॉपर टी बसवताना नाडी मंदावून चक्कर आली होती, घामाने ओढणी ओली. ती बदलायला दुसऱ्या मॅडमकडे गेले, त्यांनी आधी स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून योनीमार्गात घालतात ते साधन, माझ्या हातात दिलं, बघून घे म्हणाल्या, मग सुन्न करायचा स्प्रे मारला आणि "आता चिमटा लावतेय, खोक" असं प्रत्येक वेळी सांगत गेल्या. दुखलं, पण भीती नाही वाटली. जास्तीत जास्त दहा मिनिटं जास्त गेली असतील.

ओपीडीवाली:
ती दहा मिनिटं प्रत्येकीला दिली तर रांगेतल्या शेवटच्या बाईची एसटी चुकते, हेही खरंय. पण सांगत सांगत करणं जमण्यासारखं आहे, ते मान्य. आणि काकू, पाळी गेल्यावरचं रक्त अजिबात अंगावर काढू नका, जाऊबाईंना या आठवड्यात न्या.

मीनाक्षी_काकू:
मंगळवारी नेतेय. तिथे काय विचारू ते सांगा.

आभा_नाशिक:
दुखायची गोळी कुठली आणि किती वेळ आधी, सुन्न करतात का, मध्ये थांबा म्हटलं तर थांबाल ना. आणि काकू, तुम्हाला आत तिच्याजवळ उभं राहू देतील का, हे आधी विचारा.