कायम नोकरी सोडून बीजीएमआयचा करार घ्यावा का? (वय 26, घणसोली)

घणसोलीचा केमिस्ट

नमस्कार मंडळी. मी तुर्भे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीला (औषधांच्या दर्जाच्या तपासणीला) आहे. एम.एस्सी. झालंय, नोकरी कायम, हातात 41 हजार येतात. गेल्या वर्षी एफडीएचं (अन्न व औषध प्रशासनाचं) अप्रूव्हल आलं, त्यामुळे ॲनालिसिसच्या रिपोर्टवर माझी सही चालते. राहायला माथाडी वसाहतीत. आबा (वडील) वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याला माथाडी होते, आता थांबलेत. सिडकोच्या लॉटरीत तळोज्याला घर लागलं, त्याचा साडेचौदा हजारांचा हप्ता माझ्या पगारातून जातो.

आता मुद्द्याचं. मी बीजीएमआयमध्ये (पबजीचा भारतातला अवतार, मोबाईलवरचा गेम) एका टी-टू म्हणजे दुसऱ्या फळीतल्या संघाचा आयजीएल आहे. चौघांचा संघ, एका सामन्यात सोळा संघ. कुठे उतरायचं, कधी हलायचं, कुणाच्या नादी लागायचं नाही हे जो बोलतो तो आयजीएल. या मोसमात आम्ही ओपन क्वालिफायरमधून (सगळ्यांना खुल्या पात्रता फेरीतून) वर आलो आणि एका संस्थेने आम्हा चौघांनाही एकत्र घ्यायची तयारी दाखवली आहे. एक वर्षाचा करार, प्रत्येकी महिना 45 हजार, खारघरला बूटकॅम्प (संघाने एकत्र राहून सराव करायची जागा), राहणं-जेवण त्यांच्याकडे. पण नोकरी सोडावी लागेल. स्क्रिम्स (सरावाचे सामने) दुपारी सुरू होतात ते रात्रीपर्यंत चालतात. आजवर मी सहकाऱ्यांशी शिफ्ट बदलून निभावलं, आता तेही होणार नाही.

"26 म्हणजे या खेळात म्हातारा" हे मला माहीत आहे, पण ते आयजीएलला लागू होत नाही असं माझं ठाम मत आहे. परवाच्या स्क्रिममधलं सांगतो. इरँगेलचा नकाशा, तिसरा झोन (ज्या वर्तुळात राहिलं तरच जगता येतं ते, दर वेळी लहान होतं) मिलिटरी बेटाकडे सरकला. आम्ही पोचिंकी गावात, अजून चौदा संघ जिवंत. किल फीडमध्ये (कुणी कुणाला मारलं ते पडद्यावर येतं तिथे) ज्या दोन संघांची नावं सारखी येत होती ते झोन तिकडे गेला की पुलावरच दबा धरून बसतात, हे आधीचे सामने बघून मला ठाऊक होतं. मी दोन्ही पूल सोडले आणि किनाऱ्यावर बोट गाठायला लावली. पोरं कुरकुरली, कारण बोटीत आडोसा नसतो. आम्ही उतरलो तेव्हा पुलांवर तीन संघ संपले होते आणि आम्ही चौघेही शाबूत. पहिल्याला 10 गुण, दुसऱ्याला 6, मग 5, 4, 3, 2, सातव्या-आठव्याला एकेक, नवव्यापासून पुढे शून्य, आणि प्रत्येक किलला 1. या हिशोबात जिवंत राहण्याची किंमत फार मोठी आहे. ते काम डोक्याचं आहे आणि मला ते येतं. आमचा असॉल्टर (पुढे होऊन भिडणारा) 18 वर्षांचा आहे, त्याच्या अंगठ्यांचा वेग माझ्याकडे नाही. पण मी सांगितल्याशिवाय तो गाडीतही बसत नाही.

घरचं सांगायचं तर आबांच्या लेखी हा जुगार. त्यांच्या माथाडी टोळीतल्या एकाने दिवाळीचा अख्खा बोनस रमीच्या ॲपवर घालवला होता, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलंय. मी त्यांना समजावलं की 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळं काढून मान्यता दिली. डिसेंबर 2022 मध्येच सरकारने ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडे सोपवलं होतं, 2023 ला हांगझोच्या आशियाई खेळांत त्याची पदकं दिली गेली, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचं बोर्ड कुठलं? मालक पळाला तर पैसे मागायचे कुणाकडे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 1969 चा माथाडी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची आणि हमालांची केवढी लढाई होती ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (ठरावीक टक्के रक्कम) माथाडी बोर्डात भरायची, तिथून ती कामगाराला मिळणार, फंड-ग्रॅच्युइटीही तिथेच. आबांचं आयुष्य त्या एका व्यवस्थेवर उभं राहिलं. मला हवंय ते एवढंच. जे यातून गेलेत त्यांनी सांगा, या धंद्यात स्वतःची सोय कशी लावायची? "मनाचं ऐक" किंवा "वेडेपणा करू नकोस" हे दोन्ही खूप ऐकून झालंय.


कळव्याहून, आता ऑब्झर्व्हर

आबांना माझा नमस्कार सांग. अख्ख्या सीनमध्ये इतका नेमका प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

मी 2021-22 मध्ये करारावर खेळलोय. 28 जुलै 2022 च्या संध्याकाळी गेम दोन्ही स्टोअरवरून गेला. आधी वाटलं सर्व्हरचा काही घोळ असेल. रात्री कळलं की सरकारी आदेश आहे. सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाईल गेला तेव्हा ते 118 चिनी ॲप्सच्या यादीत होतं. या वेळी निदान गेम कोरियन कंपनीचा, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. आमच्या संस्थेने पुढचा पगार निम्मा दिला आणि त्यानंतर बंद केला. भांडायला गेलो तर करारातलं कलम दाखवलं: गेम भारतात उपलब्ध नसल्यास संस्था मानधन थांबवू शकते. पण करार मात्र संपत नव्हता! म्हणजे पगार नाही आणि दुसऱ्या संघात जायचीही मुभा नाही. गेम परत आला तो 2023 च्या मे अखेरीस. मधले दहा महिने संघातल्या एकाने कुरिअरचं काम केलं, एक गावाला गेला तो परत आलाच नाही.

म्हणून सगळ्यात आधी ते कलम शोध. गेम बंद झाला तर किती महिने मानधन चालू राहील आणि किती महिन्यांनी तू आपोआप मोकळा होशील, हे आकड्यात लिहून घे. तोंडी आश्वासन घेऊ नकोस, मॅनेजर कितीही गोड बोलला तरी. तो चांगला असेलही, पण सहा महिन्यांनी तो तिथे असेलच असं नाही.

दुसरं बायआउट. दुसऱ्या संघाने तुला मागितलं तर त्यांनी तुझ्या संस्थेला किती मोजायचे, तो आकडा. हा कोरा ठेवतात किंवा इतका फुगवतात की कुणी फिरकत नाही. आणि वाद झाला तर कोर्ट कुठलं, ते बघ. माझ्या करारात दिल्ली होतं. कळव्याच्या पोराने पगाराच्या वादासाठी दिल्लीला वकील लावायचा? लावला नाही अर्थातच, आणि त्यांना ते पुरतं माहीत होतं.

पैशाचा हिशोबही नीट मांड. 45 हजार हे पगार म्हणून नसतात, व्यावसायिक फी म्हणून असतात. 10 टक्के टीडीएस गेला की हातात 40,500. रिटर्न भरून तो परत मागता येतो, पण वर्षभर अडकलाच. फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. बक्षिसाचं सांगायचं तर स्पर्धेची रक्कम मोठी दिसते, बीजीआयएस या बीजीएमआयच्या मोठ्या स्पर्धेची 2023 ला 2 कोटी होती. पण ती सगळ्या संघांत विभागून येते. समज तुमच्या वाट्याला 8 लाख आले. आमच्या वेळी 30 टक्के आधीच कापून यायचे, म्हणजे उरले 5 लाख 60 हजार. संस्थेने त्यातले 20 टक्के घेतले तर 4 लाख 48 हजार. चार खेळाडू आणि कोच, पाच जणांत प्रत्येकी 89,600. तेही कधी मिळणार? "स्पर्धेकडून आले की" एवढंच लिहिलेलं असतं. पैसे आल्यापासून इतक्या दिवसांत, असं लिहून घे.

खेळाबद्दल तू लिहिलंस ते मला पटलं. मी आता स्पर्धांच्या प्रक्षेपणात ऑब्झर्व्हर आहे, म्हणजे प्रेक्षकांना कुठल्या संघाची लढाई दाखवायची ते मी ठरवतो. सोळा संघ वरून बघताना आयजीएल कोण चांगला ते लगेच कळतं. त्याचा संघ मला फार दाखवावा लागत नाही, कारण तो फालतू लढायांत सापडत नाही, आणि शेवटच्या झोनमध्ये बघावं तर चौघेही हजर असतात. असे आयजीएल आपल्याकडे कमी आहेत. जा असं मी म्हणेन, पण कागद बदलून घेतल्यावर.


रबाळे क्यूसी

मी याच पट्ट्यात बावीस वर्षं काढली आहेत, खाली दहा-बारा केमिस्ट आहेत. खेळातलं मला समजत नाही, परतीच्या वाटेचं सांगतो.

थेट राजीनामा टाकू नका. आधी एचआरला बिनपगारी रजेचं विचारा. वर्षाची कुणी देणार नाही, दोन-तीन महिन्यांची चांगल्या माणसाला कधीकधी मिळते. मात्र रजेत दुसरीकडे करारावर काम केलेलं चालतं का, ते नेमणूक पत्रात बघूनच. लपवून करू नका, या क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात.

सोडायचंच ठरलं तर नोटीस पूर्ण भरा. हातातली सॅम्पल, उघडे डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या फरकांच्या नोंदी), लॉगबुक, सगळं बंद करून नीट हस्तांतर करा. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि एफडीए अप्रूव्हलची प्रत घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. नव्या कंपनीला तुमच्या नावाचा अर्ज पुन्हा करावा लागतो, पण आधीचं अप्रूव्हल दाखवता आलं तर काम सोपं जातं. मुलाखतीला आलेल्या मुलाने वर्षाची गॅप सांगितली तर मी दोनच गोष्टी बघतो: कागद सरळ आहेत का, आणि इंटिग्रेशन (चाचणीच्या आलेखातल्या शिखरांचं मोजमाप) करताना हात थरथरतो का. एक वर्ष चालून जातं. तीन वर्षं झाली की फ्रेशरच्या पगारावर बसवतात.

आणि घराचा हप्ता. साडेचौदा गुणिले बारा म्हणजे 1 लाख 74 हजार. एवढी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला पडल्याशिवाय हालचाल करू नये, असं माझं स्पष्ट मत. आतापासून नोटीस संपेपर्यंत त्यातलं बरंच जमू शकेल.


कासारवडवलीची आई

बाळा, माझा मुलगा दुसरा गेम खेळतो, व्हॅलोरंट. तोही बूटकॅम्पला होता, म्हणून लिहिते.

मी एकदा डबा घेऊन अचानक गेले होते. दुपारचे बारा, तीन खोल्यांत आठ मुलं झोपलेली, पडदे ओढलेले, ओट्यावर रात्रीची बिर्याणीची भांडी. मुलं सगळी गुणी होती हो, एकेकाने उठून पाया पडून घेतलं. पण कुणाला उन्हाचा पत्ता नाही. चार महिन्यांनी त्याला अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं, बाटलीचं झाकण फिरवता येईना. डॉक्टरांनी अंगठ्याच्या स्नायूच्या दोरीला सूज आहे म्हणून सांगितलं, पट्टा बांधून सक्तीची विश्रांती. त्या काळात त्याच्या जागी दुसरा मुलगा खेळला, आणि मानधन कापलं गेलं. दुखणं त्यांच्याच कामातून आलं होतं, तरी! तेव्हा आजारपणात मानधनाचं काय, ते आधी विचार. कंपनीचा मेडिक्लेम जाईल, तर स्वतःचा आणि आई-वडिलांचा आधीच काढून ठेव. वय झालेल्यांच्या जुन्या दुखण्यांना प्रतीक्षा कालावधी असतो, तो आत्तापासून सुरू झालेला बरा. मी बँकेत आहे, रोज बघते लोक किती उशिरा येतात.

आणि वडिलांना एकदा तुझा सामना शेजारी बसवून दाखव. माझ्या यजमानांना स्कोअर कळायला लागला तेव्हापासून घरातली निम्मी भांडणं मिटली.


घणसोलीचा केमिस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे लिहिलं नाही कारण कागदांच्याच मागे होतो.

कळव्याच्या दादांनी सांगितलेलं कलम आमच्याही करारात निघालं, जवळपास त्याच शब्दांत. आम्ही चौघांनी मिळून बदल मागितले, एकेकट्याने नाही. आबांचा सल्ला होता तो: टोळीने जायचं. गेम बंद झाला तर तीन महिने मानधन आणि त्यानंतर करार आपोआप संपणार, हे त्यांनी मान्य केलं. कोर्ट ठाणे, मान्य. काकू, दुखापतीत सहा आठवडे पूर्ण मानधन, तेही मान्य. बायआउटवर मात्र अडलंय. आम्ही सहा महिन्यांचं मानधन म्हणजे 2 लाख 70 हजार म्हणतो, ते 15 लाखांवर बसलेत.

कंपनीत बिनपगारी रजा मिळाली नाही. सर, नोटीस पूर्ण भरणार आहे, आणि हप्त्याचे 1 लाख 12 हजार वेगळ्या खात्यात टाकलेत. उरलेले नोटीस संपेपर्यंत होतील. मेडिक्लेमचा फॉर्म भरून दिला. राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलंय, बायआउटचा आकडा सुटल्याशिवाय देणार नाही.

आबा शनिवारी शेजारी बसले होते. दोन सामने काही बोलले नाहीत. तिसऱ्यात आम्ही टेकडीमागे थांबून राहिलो तेव्हा म्हणाले, "घाई करू नको, ती पुढची गाडी जाऊ दे."

दादा, सही करायच्या आधी करार एकदा तुमच्या नजरेखालून जायला हवा. रविवारी ठाण्याला भेटता येईल का? आबाही येतो म्हणतायत. ज्याचे पैसे अडकले होते त्यालाच मला विचारायचंय, असं म्हणाले.


कळव्याहून, आता ऑब्झर्व्हर

या. रविवारी साडेचारला, ठाणे पूर्वेला, कोपरीच्या बाजूने बाहेर पडा. प्रिंट काढून आणा, फोनवर कलमं वाचता येत नाहीत. आणि बाकीच्या तिघांनाही घेऊन या. त्यातला 18 वर्षांचा तर आवर्जून, त्याच्या करारात वेगळं काही टाकलंय का ते बघू.