बारावी सायन्स, स्टेट बोर्ड आणि सीईटी: नेमकी कोणती पुस्तकं घ्यावीत?

सुजाता_वाळवा
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावीला गेली, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुप. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे अकरावी इंग्रजीशी झगडण्यातच गेली. क्लास लावलेला नाही. बोर्ड आणि एमएचटी-सीईटी (इंजिनीअरिंगसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा), एवढंच डोळ्यांसमोर आहे. दीर म्हणतात बालभारती बाजूला ठेव, एनसीईआरटी (सीबीएसईला चालतात ती पुस्तकं) आण. तिची मैत्रीण जेईईचा जाडजूड संच घेऊन बसलीय. सगळं घेणं परवडणार नाही आणि घेतलं तरी वाचून होणार नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीला काय घेऊ?

फळा_खडू
ताई, बालभारती अजिबात बाजूला ठेवू नका. ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, दरवर्षी हा घोळ बघतो. दोन्ही पुस्तकांवर 'बारावी' असतं, पण आतली प्रकरणं जुळत नाहीत. आपल्या फिजिक्सला १६ प्रकरणं आहेत. त्यातली पहिली सहा, म्हणजे रोटेशनल डायनॅमिक्सपासून सुपरपोझिशन ऑफ वेव्ह्जपर्यंतची, एनसीईआरटीत अकरावीला आहेत. त्यांची बारावी सुरूच होते इलेक्ट्रिक चार्जपासून. नुसती एनसीईआरटी बारावी आणलीत तर पोरगी जूनमध्ये पहिलं प्रकरण शोधत बसेल.

पहिलंच प्रकरण घ्या. बालभारतीत रस्त्याचं बँकिंग, मौत का कुआँ, कोनिकल पेंड्युलम आणि पुढे मोमेंट ऑफ इनर्शिया, रोलिंग, सगळं एका दमात येतं. एनसीईआरटीत बँकिंग अकरावीच्या लॉज ऑफ मोशनमध्ये आणि मोमेंट ऑफ इनर्शिया वेगळ्या प्रकरणात. ज्या मुलाला हे माहीत आहे त्याला एनसीईआरटीचा खूप उपयोग होतो, कारण तिथलं विवेचन सावकाश आणि नीट आहे. पण ती जोडीला. दोन्हींच्या पीडीएफ फुकट मिळतात, त्यामुळे एनसीईआरटी विकत घ्यायचीही गरज नाही.

आणि अकरावीची बालभारती रद्दीत देऊ नका! सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, बाकी बारावीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न, दोन्ही मिळून ९० मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही नाही. हा वेग जेईईच्या संचाने येत नाही. प्रकरणवार एमसीक्यूचं (बहुपर्यायी प्रश्नांचं) एकच पुस्तक घ्या, अकरावी-बारावी दोन्ही असलेलं, आणि ते पूर्ण संपवू द्या.

इंजिनीअर_होतोय
सरांना अनुमोदन. पैसे उरले तर एच. सी. वर्मा यांच्या 'कॉन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स' या पुस्तकाचा पहिला भाग घ्या, जुना चालेल. सर्क्युलर मोशन आणि रोटेशनल मेकॅनिक्स दोन्ही त्यात आहेत. प्रकरणामागची सगळी गणितं करायची गरज नाही. सोडवलेली उदाहरणं आणि शॉर्ट आन्सरचे प्रश्न एवढंच करायचं. त्या छोट्या प्रश्नांवर आम्ही हॉस्टेलला तासन्‌तास भांडायचो, आणि संकल्पना पक्क्या झाल्या त्या तिथेच. दुसरा भाग लायब्ररीतून आणला तरी भागतं.

बेंझिन_रिंग
केमिस्ट्रीचं कोणी बोललंच नाही. इथेही तोच प्रकार. एनसीईआरटीने २०२३ च्या पुस्तकांत बारावीचं केमिस्ट्री १० प्रकरणांवर आणलं. सॉलिड स्टेट, पी-ब्लॉक, पॉलिमर्स गेले. आपल्याकडे सॉलिड स्टेट पहिलंच प्रकरण आहे, १६, १७, १८ ग्रुपची मूलद्रव्यंही आहेत. शेजारीपाजारी कोणाकडे एनसीईआरटीची जुनी प्रत पडली असेल तर मागून घ्या, स्टेट बोर्डाला तीच जास्त उपयोगी. ऑरगॅनिकसाठी मात्र माझं ठाम मत आहे: मुलीने स्वतःच्या हाताने रिॲक्शन्सची वही करावी. हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्जपासून अमाइन्सपर्यंतची प्रकरणं एकमेकांत गुंतलेली आहेत. कशापासून काय बनतं हे बाण काढून लिहिलं की आपोआप बसतं. छापील चार्ट विकत आणून भिंतीला लावणं म्हणजे पैसे वाया.

सुजाता_वाळवा
किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! दोन शंका. इंग्रजी शब्दांवर अडते तेव्हा काय करावं? आणि पुतण्याचं २०१९ चं बारावीचं गाइड घरात आहे, ते चालेल का?

फळा_खडू
गाइड नको. बारावीची पुस्तकं २०२० साली बदलली, त्याआधीच्या गाइडमधली प्रकरणं आणि प्रश्न दोन्ही जुळणार नाहीत. सेकंडहँड घ्याल तेव्हा छपाईचं वर्ष आधी बघा.

शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश नेटवर आहेत, भौतिकशास्त्राचा वेगळा आहे. मोबाईलवर उघडा. धडा वाचताना नवा शब्द आला की तिने समासात पेन्सिलीने मराठी शब्द लिहावा. व्याख्या मात्र इंग्रजीतच पाठ करू द्या, पेपर इंग्रजीत लिहायचाय. पहिली दोन प्रकरणं जड जातील. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत तेच शब्द परत परत येतात.

सुजाता_वाळवा
मग बालभारती दोन्ही वर्षांची, एमसीक्यूचं एक, आणि वर्मांचा पहिला भाग मिळाला तर. रविवारी पुण्याला जातोय, अप्पा बळवंत चौकात बघते.